दारातून दारात नऊ तास वीस मिनिटं

नागपूर ते हैदराबाद विमानाला एक तास वीस मिनिटं लागतात. तेलंगणातल्या आदिलाबादमध्ये हे वाक्य तुम्ही कुठेही बोललात, तर लोक मान डोलावतील. आमच्या गल्लीत मात्र, नगराळे सर राहत होते तोवर, हे वाक्य तसंच सुटायचं नाही. कुंपणापलीकडून आवाज यायचा, "कोनाच्या दारातून, कोनाच्या दारात?"

सरांचं म्हणणं साधं होतं. माणूस विमानतळावर राहत नाही. तो घरातून निघतो आणि कोणाच्या तरी घरी पोचतो. मधला जो काही वेळ जातो तो सगळा प्रवासच. तिकिटावर छापलेला वेळ हा विमानाचा वेळ आहे, माणसाचा नाही, असं ते सांगत आणि सांगताना डाव्या हाताची बोटं उजव्या हाताच्या अंगठ्यानं मोजत जात.

दौलत नगराळे हे जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. उंची बेताची, शर्ट नेहमी पांढरा आणि खिशाला दोन पेनं. एक लिहायला, एक लोकांना द्यायला. त्यांचे वडील तलमडुगूकडे दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायचे आणि सर त्यांचा डबा घेऊन रोज चालत जायचे. "तवापासून मोजून राह्यलो," ते म्हणत. "घरापासून बांधापर्यंत दोन हजार तीनशे पावलं. उन्हाळ्यात दोन हजार दोनशेच. पाय भाजते म्हनून ढांग लांब पडते."

मी स्वतः आकड्यांवर जगणारा माणूस आहे. कोणत्या मंडलात, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या तालुक्यात, किती मिलिमीटर पाऊस पडला, किती एकरांत कापूस पेरला, हे जमवून वर पाठवणं ही माझी नोकरी. त्यामुळे सरांचं आणि माझं जमलं. आमच्या दोन घरांमध्ये कमरेइतकं कुंपण होतं आणि त्याच्यावर हात टेकून आम्ही जे काही बोललो, त्यातलं निम्मं किलोमीटर आणि मिनिटांबद्दल होतं.

त्यांचा सर्वांत आवडता हिशेब विमानाचाच. तो समजायला आमच्या गावाची जागा डोळ्यांपुढे आणावी लागेल. आदिलाबाद नागपूर आणि हैदराबादच्या मध्ये पडतं. नागपूर उत्तरेला दोनशेला थोडं कमी, हैदराबाद दक्षिणेला तीनशेच्या थोडं वर. हैदराबादला उडत जायचं, तर आधी उलट्या दिशेला नागपूर गाठायचं आणि मग आपल्याच जिल्ह्यावरून उडत खाली यायचं. त्यातून सरांची मुलगी करुणा राहते कोमपल्लीला. हे हैदराबादचं आमच्या बाजूचं टोक, अगदी हमरस्त्यावर. विमानतळ शहराच्या पलीकडच्या टोकाला. म्हणजे विमान आधी तुमच्या गावापाशी येतं, मग तुमच्या पोरीच्या घरापाशी, आणि दोन्ही ठिकाणी न थांबता पुढे जातं. मग तुम्ही टॅक्सी करून परत मागे यायचं.

"घर ते नागपूर विमानतळ साडेतीन तास," सर बोटं मोजू लागत. "खोळंबा अर्धा तास. दोन तास आधी हजर राहा म्हनते. उडनं एक वीस. बॅगा यायले अर्धा तास. तिथून कोमपल्ली दीड तास. किती झाले?"

"नऊ वीस," मी म्हणे.

"आन् बस? घरून स्टँड पाव तास, बस सहा तास, उतरून पोरीचं घर पाव तास. साडेसहा. सांगा देशमुख, दोन तास पन्नास मिनिटं जास्त देऊन मानसानं काऊन उडावं?"

कुंपणापलीकडे भाजी निवडत बसलेल्या सुमनकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, खाली मान घालून म्हणत, "आभाय पाहाले."

त्यावर सर पुन्हा पहिल्या बोटापासून मोजू लागत.

काकूंना एकदा विमानात बसायचं होतं. ही इच्छा गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होती आणि तिचं मूळ आमच्याच जिल्ह्यातल्या नार्नूरला होतं. तिथल्या शाळेत सरांनी चौदा वर्षं काढली. शाळेमागे दोन खोल्यांत संसार, समोर विहीर, आणि सकाळी केव्हातरी आभाळातून जाणारी एक पांढरी रेघ. नकाशावर नागपूर आणि हैदराबाद पट्टीनं जोडलं तर रेघ नार्नूरच्या जवळूनच जाते, हे मी स्वतः पट्टी ठेवून पाहिलं आहे. (ते विमान दिल्लीहून येणारंही असू शकतं, असा माझा कयास आहे. सरांना मी तो कधी सांगितला नाही.) काकू धुणं हातात धरून वर पाहत उभ्या राहत आणि विचारत, "आत बसलेल्यायले आपन दिसत असन का?" सर तेच विमान वर्गात घेऊन जात. विमान नागपूरहून इतक्याला निघालं, वेग इतका, तर नार्नूरच्या डोक्यावर किती वाजता? एकदा एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, लेट असन तं?" सरांनी खडू खाली ठेवला. ती बरोबर होती. त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक हिशेबात खोळंब्याचा वेगळा रकाना आला.

त्या रकान्याची ताकद आम्ही एकदा अनुभवली. माझ्या पुतणीचं लग्न हिंगणघाटला होतं. मुहूर्त अकरा पन्नासचा. सरांनी सांगितलं, "साडेसहाले निघा." माझे थोरले बंधू हसले. रस्ता अडीच तासांचा. सरांनी त्यांना रकाना वाचून दाखवला. बायका घरातून बसपर्यंत येईस्तोवर पाऊण तास. बस सुटल्यावर कोणीतरी काहीतरी विसरलं म्हणून परत, वीस मिनिटं. चहा, जाहीर पंधरा मिनिटं, प्रत्यक्षात चाळीस. दादा म्हणाले, "सर, तुमी लग्नाले येऊन राह्यले का इन्स्पेक्शनले?" बस साडेआठला सुटली. पुतणीच्या हातातला चुडा घरी राहिला म्हणून परत फिरली. बारा वाजून सहा मिनिटांनी आम्ही मांडवापाशी पोचलो तेव्हा नवरदेव बोहल्यावर एकटा उभा होता आणि भटजी त्याला पाणी देत होते. संध्याकाळी दादा सरांसमोर खाली मान घालून बसले. सरांनी वही काढून फक्त एवढं विचारलं, "चहाले किती गेले?"

"बेचाळीस मिनिटं," दादा म्हणाले.

"दोन चुकले माह्ये," असं म्हणून सरांनी चाळीस खोडून बेचाळीस केलं.

जावई हौशी होता. त्याला सासूची इच्छा माहीत होती. एकदा त्यानं फोनवर तिकिटाचा फोटो पाठवला. नागपूर ते हैदराबाद, पण मध्ये मुंबई. सकाळी निघून दुपारी उशिरा पोच. सरांनी तो फोटो माझ्यापुढे धरला. "सव्वाचारशे किलोमीटर सरळ रेषा हाय, देशमुख. हा पोरगा मले समुद्रापर्यंत नेऊन परत आनून राह्यला!" काकूंनी फोटो हातात घेतला, नीट पाहिला आणि म्हणाल्या, "म्हंजे जास्त वेळ बसाले भेटन." सरांनी फोन खिशात घातला.

आमच्या गावात जुन्या एरोड्रमची मोकळी जागा आहे. तिथं विमानतळ होणार अशी बातमी अधूनमधून येते आणि चहाच्या टपरीवर दोन दिवस चालते. काकू अशी बातमी आली की कुंपणाशी यायच्या. "इथून उडालं तं हो म्हनसान ना?" सर गंभीरपणे म्हणायचे, "इथून उडालं तं साडेतीन तास वाचते. मंग हो." काकू जायच्या आणि वाट पाहायच्या. त्यांना घाई नव्हती. विमानतळ काय, होईल तेव्हा होईल.

मग एका उन्हाळ्यात काकू आमच्याकडे चहा घेऊन आल्या आणि कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. कप फुटला. आम्ही हसलो, त्याही हसल्या. आठवड्यानं त्यांचा खांदा फाटकाच्या खांबाला लागला. मग गल्लीत उजवीकडून आलेली स्कूटर त्यांना दिसलीच नाही. स्कूटरवाल्यानं ब्रेक मारला म्हणून बरं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, बाजूचं हळूहळू जातं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायचं, थेंब घालायचे आणि हैदराबादच्या डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं.

त्या संध्याकाळी सर कुंपणाशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मला हाक आली. "देशमुख, जरा येता का? एक हिशेब तपासायचा हाय."

व्हरांड्यात सर खुर्चीवर, काकू खाली चटईवर तूर पाखडत. सरांच्या मांडीवर वही. त्यांनी घसा साफ केला आणि वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"विमान. घर ते नागपूर तीन तास. खोळंबा, निरंक. विमानतळावर एक तास. उडनं, एक तास. बॅगा हातातच, म्हनून निरंक. तिथून कोमपल्ली एक तास. एकून सहा."

त्यांनी पान उलटलं.

"बस. घर ते स्टँड अर्धा तास. बसची वाट, अर्धा तास. बस, सात तास. शहरात शिरताना ट्रॅफिक, एक तास. एकून नऊ." त्यांनी चष्मा काढला. "म्हंजे विमानानं तीन तास वाचून राह्यले. मी इतके दिवस चुकीचं मांडत होतो. तपासा."

मी वही घेतली. अक्षर नेहमीचं, सुबक. बेरीज बरोबर होती. बाकी एकही आकडा बरोबर नव्हता. ज्या माणसानं माझ्या दादांच्या चहाची दोन मिनिटं दुरुस्त केली, त्यानं विमानाची वीस मिनिटं उडवली होती आणि खोळंब्याच्या रकान्यात निरंक लिहिलं होतं. मी वर पाहिलं. सर माझ्याकडे पाहत नव्हते. ते रस्त्याकडे पाहत होते आणि त्यांचा अंगठा बोटांवर मोजल्यासारखा फिरत होता.

वीस वर्षं आकड्यांनी नाही म्हणत आलेल्या माणसाला नुसतं हो म्हणता येत नव्हतं. आणि खरं कारण तोंडानं सांगणं म्हणजे काकूंना त्यांच्याच घरात ऐकवणं, की वाट पाहण्याएवढा वेळ आता नाही.

"भाऊ," काकूंनी सूप थांबवलं, "बरोबर हाय का?"

मी आजवर पावसाचा अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढवून पाठवलेला नाही. "बरोबर आहे," मी म्हणालो.

"मंग तं विमानानंच जावं लागन," काकू म्हणाल्या, अगदी सरळ चेहऱ्यानं. "वेळ वाचते तं."

"हो ना," सर म्हणाले. "वेळेचा प्रश्न हाय." आणि पाणी प्यायला आत गेले.

ते आत गेल्यावर काकूंनी सूप एकदा झटकलं. "मले बी बेरीज येते, भाऊ. चौथी पास हाओ मी." त्या दाराकडे पाहून आवाज खाली आणून म्हणाल्या, "पन बोलू नका त्यायले. जन्मात पह्यल्यांदा चुकले."

पुढचे दहा दिवस सरांनी शाळेचा नकाशा, पट्टी आणि पेन्सिल घेऊन काढले. प्रश्न खिडकीचा होता. रेघ नार्नूरच्या किंचित पश्चिमेकडून जात होती, म्हणून डावी खिडकी हवी. पण डावीकडून सकाळचं ऊन डोळ्यांवर येणार. शेवटी विमान अकरा चाळीसचं आहे, तोवर ऊन डोक्यावर चढतं, या मुद्द्यावर डावी खिडकी ठरली. नार्नूर खाली केव्हा येईल तेही त्यांनी काढलं आणि चिठ्ठीवर लिहून वरच्या खिशात ठेवलं.

नागपूरला मी माझ्या गाडीनं सोडणार होतो. आता अडचण माझ्यापुढे आली. सरांच्या वहीप्रमाणे तीन तास रस्ता आणि एक तास आधी. म्हणजे सात चाळीसला निघायचं. तसं निघालो तर विमान आमच्या डोळ्यांदेखत उडणार. पण वही चूक आहे असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण तिला बरोबर मीच म्हटलं होतं.

"सर," मी म्हणालो, "मला बुटीबोरीत थोडं काम आहे. तुमची हरकत नसेल तर पावणेसहाला निघू."

सरांनी विचारलं, "किती वेळाचं काम हाय?"

"दोन तासांचं."

"बरोबर. तेवढंच लागते त्या कामाले," ते म्हणाले.

पावणेसहाला निघालो. पैनगंगेच्या पुलावर ट्रकांची रांग, पांढरकवड्याला चहा. चहाला किती वेळ गेला ते कोणीही विचारलं नाही. काकू नवी निळी साडी नेसून मागे बसल्या होत्या आणि पुढच्या खिडकीतून येणारं वारं तोंडावर घेत होत्या. बुटीबोरी आली. गाडी थांबली नाही. सरांनी हमरस्त्यावरची पाटी वाचली, मागे काकूंनी वाचली, आणि आम्ही तिघंही वर्ध्याच्या संत्र्यांबद्दल बोलत राहिलो.

विमानतळाच्या दाराशी सर काकूंच्या उजव्या बाजूला आले. काकूंना तिकडचं दिसत नव्हतं. "सात पावलं सरळ," ते हळू आवाजात सांगू लागले. "मंग पायरी. पायरी चार बोटं उंच. मंग उजवीकडे खांब—"

"अवो, जरा गप बसा ना," काकू म्हणाल्या. "मले दिसून राह्यलं." आणि त्या आत गेल्या. सर दोन्ही बॅगा घेऊन मागून.

महिन्याभरानं सर एकटे आदिलाबादला आले. दर पंधरा दिवसांनी तपासणी होती, थेंब लागू पडत होते, नजर होती तेवढी टिकून होती. म्हणून दोघांनी कोमपल्लीलाच राहायचं ठरवलं होतं. घर शाळेतल्या एका शिक्षकाला राहायला दिलं, किल्ली दिली, आणि मी त्यांना स्कूटरवर बसवून बसस्टँडला सोडलं. हैदराबादची बस लागली होती.

"सर, त्या दिवसाचं सांगितलंच नाही तुम्ही," मी म्हणालो. "नार्नूर दिसलं का काकूंना?"

"मी घड्याळ पाहून बसलो होतो. मिनिट आलं तसा म्हनलो, सुमन, आता खाली पाह्य, नार्नूर. ती म्हने, ते तं कवाच गेलं."

"कसं ओळखलं?"

"शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसलं म्हनते. विहीर दिसली म्हनते. विहिरीपाशी धुनं वाळत होतं म्हनते."

माझ्या डोक्यात उंचीचा आकडा आलाच. तेवढ्या उंचीवरून साडी किती मोठी दिसेल, हे मी काढायला लागलो होतो. सरांनी ते माझ्या तोंडावर वाचलं.

"नका काढू," ते म्हणाले. "मी काढून पाह्यलं हाय."

"आणि तुम्हाला काय दिसलं?"

"मी मधल्या खुर्चीत. मले काय दिसन? तिची पाठ. उडल्यापासून उतरेपर्यंत मान वळवली नाई तिनं. चहा आला, तो बी नाई घेतला. एवढीशी खिडकी होती, देशमुख, तळहाताएवढी, आन् तिले बरोब्बर पुरली."

कंडक्टरनं बसच्या पत्र्यावर थाप मारून तेलुगूत चढायला सांगितलं. "सार, एक्कंडी, एक्कंडी!" सर चढले. बस हलली. मी हात वर केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते आत जाऊन बसलेही नव्हते. दारातल्या दांड्याला धरून ते कंडक्टरला काहीतरी सांगत होते. बस फाटकातून वळली तेव्हा त्यांनी खांदा माझ्याकडे केला होता, विमानातल्या काकूंसारखं नसलेल्या काचेला कपाळ टेकवलं होतं, आणि मान वाकवून ते रस्त्याकडे, खूप खाली काहीतरी असावं तसे, एकटक पाहून दाखवत होते.